बलून, तीन व्हॉल्व्ह आणि गुळाचे रवे : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये काल साठच्या दशकातील एक जर्मन सेडान गाडी आली. मालकांच्या इच्छेनुसार गाडीचे नाव आणि नंबर या नोंदींत लिहीत नाही. गाडीला पोलादी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांवर रबरी बलून आहेत, त्यांत इंजिनवर पट्ट्याने फिरणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा जाते, आणि गाडीत दोन माणसे बसोत वा पाच, तिची जमिनीपासूनची उंची तीच राहावी अशी व्यवस्था आहे. तक्रार अशी की आठवडाभर उभी राहिल्यावर ती पुढच्या उजव्या बाजूला बसते. इंजिन सुरू करून काही मिनिटे थांबले की पुन्हा सरळ होते.

यापूर्वी ज्यांनी ज्यांनी गाडी पाहिली त्यांनी एकच सल्ला दिला : उजवा बलून गेला आहे, आता सगळेच काढून साधी स्प्रिंग बसवा. मालकांना ते मान्य नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. मात्र आमचा हात बस आणि ट्रकच्या हवेवर बसलेला आहे. अशा गाडीला पाना लावण्यापूर्वी तिची पद्धत एका चाकापुरती का होईना, स्वतः उभी करून पाहावी असे ठरवले. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा आणि लेथवरचे बापू असे आम्ही तिघे या कामात आहोत.

१४ जानेवारी

संक्रांतीमुळे वर्कशॉप बंद. घरी बसून इतिहासाची थोडी टिपणे केली.

अमेरिकेत कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉममध्ये चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन दिले आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांवरही ते जादा पैसे मोजून मिळू लागले. गळतीला कंटाळलेल्या अनेक मालकांनी ते काढून पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या, म्हणजे आमच्या मालकांना मिळालेला सल्ला तेव्हाचाच आहे. जर्मनीत १९६० साली बोर्गवर्ड पी १०० ही गाडी हवेवर आली, १९६१ मध्ये मर्सिडीज ३०० एसई आणि १९६३ मध्ये मर्सिडीज ६००. या सर्व गाड्यांत उंची ओळखण्याचे काम दांडी आणि व्हॉल्व्ह करीत. विजेच्या सेन्सरवर चालणारी चारही चाकांची पद्धत अमेरिकन गाडीत १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनने आणली.

१९५५ ची सिट्रोएन डीएस या यादीत अनेक जण घालतात. तिच्यात मात्र उंची राखण्यासाठी तेल आत-बाहेर जाते आणि स्प्रिंगचे काम गोलकांत कायमचा बंद असलेला नायट्रोजन करतो. हा फरक नुसता नावाचा नाही. पुढे मोजमाप झाल्यावर त्यावर लिहीन.

१९ जानेवारी

सांगाडा तयार झाला. दोन उभे शाफ्ट, त्यांवर सरकणारी एक चौकट, चौकटीखाली बलून. मूळ गाडीचा बलून प्रयोगासाठी वापरण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ट्रकच्या चालकाच्या सीटखालचा छोटा बलून जुन्या बाजारातून आणला.

वजनांचा प्रश्न भाच्याने सोडवला. लोखंडी वजने भाड्याने आणण्यापेक्षा मार्केट यार्डातून तीस किलोचे गुळाचे चार रवे (ढेपा) आणले, काट्यावर तोलून घेतले आणि पोत्यात बांधले. काम झाल्यावर रवे घरी वाटून टाकता येतील, हा त्यातला जास्तीचा फायदा. तोटा दुसऱ्याच दिवशी कळला : सांगाड्याच्या चारही पायांखाली आता पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत, कारण मुंग्यांना सस्पेन्शनचे काही देणेघेणे नाही.

चौकट सुमारे साठ किलोची आहे. दोन रवे ठेवल्यावर एकूण १२० किलो आणि चार ठेवल्यावर १८० किलो होतात.

२१ जानेवारी

पहिले मोजमाप. चौकट ठरलेल्या रेघेवर येईपर्यंत हाताने कॉक उघडून हवा भरली. १२० किलोला १.६ बार (बार हे हवेच्या दाबाचे एकक) दाब लागला आणि त्याच उंचीवर १८० किलोला २.४ बार. वजन दीडपट, दाबही दीडपट. १२० किलो म्हणजे सुमारे ११७७ न्यूटन भार, त्याला १.६ बारने भागले की बलूनचे परिणामकारक क्षेत्रफळ ७३ ते ७४ चौरस सेंटिमीटर येते. उंची तीच राहिली तर हे क्षेत्रफळही तेच राहते, म्हणून पुढचे सगळे हिशेब सोपे झाले.

ही गोष्ट कागदावर साधी दिसते, तरी तिच्यात या पद्धतीचा पाया आहे. पोलादी स्प्रिंगवर भार वाढला की ती दबते आणि दबलेलीच राहते. तिला जादा भार पेलायचा तर आखूड होण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हवेच्या बलूनला दुसरा मार्ग आहे : उंची न बदलता आतली हवा वाढवणे.

२५ जानेवारी

आज झोक्याचा वेग मोजला. चौकट हाताने दाबून सोडायची, मोबाइलवर संथ चित्रण करायचे आणि किती वेळात किती झोके झाले ते मोजायचे. १२० किलोवर सेकंदाला सुमारे २.१ झोके आले. हवा वाढवून त्याच उंचीवर १८० किलो ठेवले तेव्हा २.० आले. तीच चौकट १२० किलोला २.१ झोके देणाऱ्या पोलादी स्प्रिंगवर असती, तर १८० किलोला तो आकडा हिशेबाने १.७ वर उतरला असता.

भाच्याने विचारले, “मामा, भार वाढला तरी झोका तोच कसा?” उत्तर असे : बलूनची कडकपणाची मात्रा आतल्या हवेच्या दाबाबरोबर वाढते आणि दाब भाराबरोबर वाढतो. दोन्ही बरोबरीने वाढल्यामुळे झोका जवळजवळ स्थिर राहतो. थोडा फरक पडतो तो बाहेरच्या वातावरणाच्या दाबामुळे, कारण कडकपणा ठरताना दाबमापकावरच्या आकड्यात वातावरणाचा दाबही मिळवावा लागतो आणि तो भाराबरोबर वाढत नाही.

सिट्रोएनचा फरक इथे येतो. तिच्या गोलकातील वायूचे वस्तुमान कायम असते. भार वाढला की तोच वायू आणखी दबून कमी जागेत बसतो, आणि गमावलेली उंची तेल आत ढकलून परत मिळवली जाते. त्यामुळे तिथे भाराबरोबर झोका जलद होतो, पोलादी स्प्रिंगवर तो मंद होतो आणि हवेच्या बलूनवर जवळपास तसाच राहतो. तिन्ही गाड्या बाहेरून सारख्याच सरळ उभ्या दिसतील, पण आत बसणाऱ्याला फरक जाणवेल.

सेकंदाला दोन झोके हा गाडीच्या मानाने कडक हिशेब आहे. आरामशीर गाडीत तो एकच्या आसपास हवा. त्यासाठी दाब कमी करून चालत नाही, कारण दाब भाराने ठरलेला असतो. वाढवायची ती हवेची जागा. बापूंनी जाड नळीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी झाकणे वेल्ड करून दीड लिटरचा डबा केला. तो आधी पाणी भरून दाबाखाली तपासला, कारण हवेने तपासताना वेल्ड सुटले तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखे जाते, आणि मग रुंद तोंडाने बलूनला जोडला. बलूनमधली सुमारे ०.९ लिटर हवा आता २.४ लिटर झाली आणि झोका १.३ वर आला. जोडणीची नळी बारीक ठेवली असती तर हवा तिच्यात घुसमटली असती आणि डबा असून नसल्यासारखा झाला असता.

२ फेब्रुवारी

बसचा जुना लेव्हलिंग व्हॉल्व्ह, म्हणजे उंची राखणारा व्हॉल्व्ह, मिळाला. आमच्या गाडीतला व्हॉल्व्ह याहून नाजूक आहे, पण जात एकच. व्हॉल्व्हची पेटी चौकटीवर, म्हणजे गाडीच्या अंगावर बसते. तिच्यातून निघणारी आडवी दांडी एका उभ्या सळीने खालच्या भागाला, म्हणजे चाकाच्या बाजूला जोडलेली असते. गाडी खाली बसली की दांडी वर ढकलली जाते आणि दाबाखालच्या हवेच्या टाकीकडचे तोंड उघडते. गाडी वर उचलली गेली की दांडी खाली येते आणि बलूनमधली हवा बाहेर सुटते. मध्ये थोडी जागा अशी आहे की तिथे दोन्ही तोंडे बंद राहतात.

या मधल्या जागेचा हिशेब मजेशीर आहे. आमच्या व्हॉल्व्हमध्ये ती दोन्ही बाजूंना सुमारे दोन अंशांची निघाली. दांडी १५० मिलिमीटर लांब असताना दोन अंश म्हणजे पाच मिलिमीटर, तेवढ्या चढउताराकडे व्हॉल्व्ह दुर्लक्ष करतो. दांडी ७५ ची केली तर अडीच मिलिमीटरवरच तो जागा होतो. अधिक अचूक उंची मिळेल या हौसेने मी ती आखूड करून पाहिली, आणि चौकट तासभर वर-खाली करत राहिली. हवा आत यायची, चौकट रेघेच्या वर जायची, मग हवा सुटायची, मग पुन्हा खाली. शाफ्टमधल्या घर्षणामुळे चौकट आधी अडून राहायची आणि मग एकदम सुटायची, त्यामुळे हा खेळ आणखी वाढला. दांडी पुन्हा १५० ची केली.

६ फेब्रुवारी

चौकटीला हाताने भराभर हादरे दिले तर व्हॉल्व्ह प्रत्येक हादऱ्याला फुसफुसतो. प्रत्यक्ष रस्त्यावर असे झाले तर दहा किलोमीटरच्या खराब रस्त्यात टाकी रिकामी होईल. लेव्हलिंग व्हॉल्व्हने खड्डा पाहायचाच नसतो. खड्डा पाहणे हे बलूनचे आणि शॉकॲब्सॉर्बरचे काम आहे. व्हॉल्व्हने पाहायची ती सरासरी. म्हणून काही बनावटींत दांडी तेलात बुडालेल्या दट्ट्याने मुद्दाम मंद केलेली असते, तर काहींत हवेची वाटच इतकी अरुंद ठेवतात की एका हादऱ्यात नाव घेण्याजोगी हवा जाऊच शकत नाही.

आमच्या जुन्या व्हॉल्व्हमधली मंद करणारी यंत्रणा मेलेली होती. तिच्याऐवजी जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा जेट (बारीक भोकाची तोटी) नळीत बसवला. जेट नसताना दोन रवे जादा ठेवल्यावर चौकट दोन सेकंदांत पुन्हा रेघेवर येत होती. जेटसह चौदा सेकंद लागले. आता हादरे दिले तर व्हॉल्व्ह जवळजवळ गप्प बसतो. माणूस गाडीत बसल्यावर गाडी काही क्षण दबून मग सावकाश उठते, ही जुन्या हवेच्या गाड्यांची लकब अनेकांना सुस्ती वाटते. ती मुद्दाम ठेवलेली आहे.

११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पाच वाजता टाकीचा कॉक बंद केला, दांडी सळीपासून सोडवून मधल्या जागेत बांधून ठेवली आणि चौकटीची उंची लिहून ठेवली. आज सकाळी सहा वाजता ती चौदा मिलिमीटर खाली होती. सगळ्या जोडांवर रिठ्याचे पाणी फिरवले, पण एकही बुडबुडा नाही. बलूनवरही तेच पाणी फिरवले, तिथेही काही नाही. अर्धा दिवस गेला.

दुपारी चारला सहज पाहिले तर चौकट पुन्हा जवळजवळ रेघेवर आली होती. गळलेली हवा परत येत नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमचे छप्पर पत्र्याचे आहे. संध्याकाळी आत ३४ अंश होते, पहाटे २१. निरपेक्ष मापात (केल्विनमध्ये) ३०७ वरून २९४, म्हणजे सव्वाचार टक्के घट. भार तोच असल्याने दाब बदलू शकत नाही, म्हणून हवेचे आकारमान तेवढ्याच टक्क्यांनी आक्रसते. २.४ लिटरचे सव्वाचार टक्के म्हणजे सुमारे १०० घन सेंटिमीटर, आणि त्याला ७४ ने भागले की तेरा-चौदा मिलिमीटर.

डबा न जोडता बलून एकटा असता तर हीच घसरण पाच मिलिमीटरच झाली असती. गाडी जितकी मऊ करावी तितकी ती रात्रीच्या गारव्याला जास्त दबते. “सकाळी थोडी बसलेली असते” एवढ्या तक्रारीवर बलून बदलणाऱ्यांनी आधी थर्मामीटर पाहिला पाहिजे, आणि आज अर्धा दिवस मी स्वतःही त्यांतलाच होतो.

१६ फेब्रुवारी

पाण्याबद्दल. गाडीच्या टाकीचा तळाचा कॉक उघडला तेव्हा तांबूस पाणी निघाले. युरोपात या गाड्यांची चिंता ते पाणी गोठण्याची होती, म्हणून आत येणाऱ्या हवेत अल्कोहोलची वाफ मिसळण्याची सोय असे. कोल्हापुरात गोठण्याचे भय नाही, गंजाचे आहे. पावसाळ्यात २७ अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी असते. ती हवा दहा बारपर्यंत दाबून पुन्हा २७ अंशांवर आली की तिच्यात सव्वादोन-अडीच ग्रॅमच मावते. उरलेले वीस ग्रॅम टाकीच्या तळाशी. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत कॉम्प्रेसरपुढे सिलिका जेलचा डबा असतो आणि बलूनमधून सोडलेली कोरडी हवा त्याच डब्यातून उलटी जाताना त्याला वाळवते. ही युक्ती मला फार आवडली. आमच्या गाडीत ती नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कॉक उघडणे एवढेच मालकांना सांगता येईल.

२३ फेब्रुवारी

आजपासून गाडी. हिच्यात लेव्हलिंग व्हॉल्व्ह तीनच आहेत : पुढे दोन आणि मागे मधोमध एक. चार चाकांना चार का नाहीत, हा प्रश्न बापूंनी विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिले : तिपाई कुठेही ठेवा, डगमगत नाही, चौरंग डगमगतो. चार व्हॉल्व्ह स्वतंत्रपणे उंची राखू लागले तर तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर भार वाढत जातो, उरलेल्या दोन कोपऱ्यांवरचा कमी होतो, आणि उंची मात्र चारही ठिकाणी बरोबर दिसते. मागचा एकटा व्हॉल्व्ह दोन्ही चाकांची सरासरी पाहतो, म्हणून हे भांडण लागत नाही.

गाडी जॅकवर घेताना एक चूक थोडक्यात टळली. चाके लोंबकळली की व्हॉल्व्हला वाटते गाडी फार उंच झाली, आणि तो बलूनमधली हवा सोडून देतो. मग गाडी खाली घेताना रिकामा बलून घडीत चिमटला जातो आणि चांगले रबर वाया जाते. म्हणून आधी दांड्या सोडवल्या आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, हे भाच्याला वेगळे बजावले.

बलूनची घडी जिथे सतत उलगडते आणि मिटते तिथे रबराला भेगा पडतात. चारही बलून पूर्ण ताणून बॅटरीच्या उजेडात पाहिले. उजवा पुढचा, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता, तो चौघांत चांगला निघाला.

१ मार्च

टाकीला दाबमापक जोडून गाडी चाकांवर, सगळ्या दांड्या जोडून उभी केली. टाकी बाहेरच्या कॉम्प्रेसरने दहा बारपर्यंत भरली आणि पहिल्या रात्री तिचा कॉक बंद ठेवला. बारा तासांनंतर दाब रात्रीच्या गारव्याने उतरतो तेवढाच उतरला होता, म्हणजे टाकी निर्दोष. दुसऱ्या रात्री कॉक उघडा ठेवला. सकाळी गाडी अगदी सरळ उभी होती आणि टाकीत सात बार उरले होते.

इथे या पद्धतीची सगळी मेख आहे. हा व्हॉल्व्ह इंजिन बंद असतानाही काम करतो. एखादा कोपरा गळू लागला की गाडी किंचित बसते, दांडी हलते, टाकीतून हवा येते आणि उंची पूर्ववत होते. टाकी संपेपर्यंत गाडी निरोगी दिसते. मग कोपरा बसतो, तेव्हा पाहणारा म्हणतो की काल रात्रीत काहीतरी झाले. उंची पाहून गळती मोजणे म्हणजे घरातली उधारी भागवणारा थोरला भाऊ असताना धाकट्याचा हिशेब बघण्यासारखे आहे.

तिसऱ्या रात्री तिन्ही दांड्या सोडवून मधल्या जागेत बांधल्या, म्हणजे टाकीची मदत बंद. सकाळी पुढची डावी बाजू आणि मागची दोन्ही आठ ते नऊ मिलिमीटर खाली होती, तो रात्रीच्या गारव्याचा हिशेब. पुढची उजवी ३१ मिलिमीटर.

४ मार्च

उजव्या कोपऱ्यात बलून, नळी, जोड असे एकेक रिठ्याच्या पाण्याने तपासले. बुडबुडे आले ते व्हॉल्व्हच्या हवा सोडण्याच्या तोंडाशी, बारीक आणि सतत. बलूनचा काही संबंधच नव्हता. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा हवा सोडणाऱ्या बाजूची रबरी बैठक कडक होऊन तिच्यावर गोल खाच पडलेली दिसली, आणि खाचेत टाकीतल्या गंजाचा एक कण रुतलेला होता.

नवीन बैठक उद्यमनगरातच करून घेतली. नायट्राइल रबर, मूळ मापाचा साचा बापूंनी लेथवर कोरला. पहिल्या दोन बैठका अर्ध्या मिलिमीटरने जाड झाल्या आणि त्यामुळे मधली जागाच नाहीशी होऊन व्हॉल्व्ह आत-बाहेर दोन्हीकडे गळू लागला. तिसरी बसली. डाव्या आणि मागच्या व्हॉल्व्हच्या बैठकाही त्याच वेळी बदलल्या. टाकी आतून साफ केली आणि तिच्यापुढे बारीक जाळीचा फिल्टर घातला, जो मूळ गाडीत नव्हता.

९ मार्च

मालकांसह पाच माणसे आणि डिकीत उरलेले दोन रवे घेऊन पन्हाळ्याला जाऊन आलो. बसल्याबसल्या मागची बाजू दबली आणि सुमारे पंधरा सेकंदांत उठली. घाटाच्या वळणांवर व्हॉल्व्ह गप्प होते. वर पोहोचल्यावर सगळे उतरले तेव्हा मागून हवा सुटल्याचा लांब उसासा ऐकू आला आणि जवळ उभा असलेला कणसेवाला दचकून दोन पावले मागे सरकला.

रात्री वर्कशॉपमध्ये टाकी दहा बारवर भरून, कॉक उघडा आणि दांड्या जोडलेल्या ठेवून गाडी उभी केली.

१० मार्च

सकाळी सहा वाजता टाकीत ९.४ बार, चारही कोपरे रेघेवर. त्यातला काही भाग गारव्याचा असणार, तो वेगळा काढण्यासाठी आजपासून दाबमापकाशेजारी थर्मामीटर टांगला आहे आणि रोज दोन वेळा दोन्ही आकडे लिहायचे काम भाच्याकडे दिले आहे.